वाचक विचारतात : खरवस फसतो तो नेमका कुठे?

खरवसाविषयी आलेल्या पत्रांत गूळ, वेलची, कुकर, जाळी असे नाना प्रश्न आहेत. पण बहुतेक तक्रारींचे मूळ एकच आहे : हातात आलेला चीक कितव्या धारेचा आहे हे न पाहता त्यात दूध ओतले जाते. म्हणून पहिल्याच उत्तरात चिकाची परीक्षा सविस्तर दिली आहे. पुढची उत्तरे वाचण्याआधी ते वाचावे. (येथे चीक म्हणजे व्यालेल्या गाई-म्हशीचे पहिले दूध. कुरडयांसाठी काढतात त्या गव्हाच्या चिकाशी याचा संबंध नाही.)

प्रश्न : गवळ्याने ‘पहिल्या दिवसाचा’ म्हणून एक लिटर चीक दिला. त्यात तेवढेच दूध घालून चाळीस मिनिटे वाफवले. खरवस बसलाच नाही, दाटसर लापशीसारखा राहिला. जाऊबाई याच प्रमाणात करतात आणि त्यांच्या सुबक वड्या पडतात. माझे काय चुकले? – एक वाचिका, सातारा

उत्तर : कृती चुकलेली नाही, चीक ओळखण्यात गफलत झाली आहे. ‘पहिला दिवस’ हे माप फार ढोबळ आहे. गाय पहाटे व्याली, तर त्या दिवशी तिची दोनदा, कधी तीनदा धार काढतात. पहिल्या आणि दुसऱ्या धारेत जमीनअस्मानाचा फरक असतो. गाईच्या पहिल्या धारेच्या चिकात प्रथिने सुमारे 14 टक्के असतात, दुसऱ्या धारेला ती 8 टक्क्यांच्या आसपास येतात आणि तिसऱ्या धारेला 5 टक्क्यांवर. नेहमीच्या गाईच्या दुधात ती तीन ते साडेतीन टक्के असतात. तुम्हाला संध्याकाळची धार मिळाली असावी, आणि तिच्यात बरोबरीने दूध घातल्यावर बसण्यापुरता दमच उरला नाही.

दूध कितीही उकळले तरी त्याची वडी होत नाही, कारण त्यातले मुख्य प्रथिन, केसीन, नुसत्या उष्णतेने गोठत नाही. चिकात वासरासाठी आलेली संरक्षक प्रथिने भरपूर असतात. ती साधारण 65 ते 80 अंश सेल्सियसच्या दरम्यान उलगडतात, एकमेकांत गुंततात आणि पाणी, स्निग्धांश, साखर यांना आपल्या जाळ्यात धरून ठेवतात. अंड्याचा पांढरा भाग शिजताना घट्ट होतो, तसेच हे. म्हणजे घातलेल्या दुधाला चीक धरून ठेवतो. चीक अशक्त असेल तर दूध कमी घालायचे, एवढाच हिशेब.

ढोबळ प्रमाण असे : पहिल्या धारेच्या एक वाटी चिकाला एक ते दीड वाटी दूध. दुसऱ्या धारेच्या एक वाटीला अर्धी वाटी. तिसऱ्या धारेला पाव वाटी किंवा अजिबात नाही. त्यानंतरचा चीक एकट्याने वडीपुरता बसत नाही.

पण गाईगाईंत फरक असतो, पहिलारू आणि तिसऱ्या वेताच्या गाईत असतो, भरपूर दूध देणाऱ्या संकरित गाईचा चीक पातळ असू शकतो, आणि गवळ्याकडे दोन गाईंचा चीक एकत्र झालेलाही असतो. तेव्हा सगळा चीक पणाला लावण्याआधी वाटीची परीक्षा घ्याच. चार छोट्या स्टीलच्या वाट्या घ्या. प्रत्येकीत चार चमचे चीक. पहिलीत दूध नको, दुसरीत दोन चमचे दूध, तिसरीत चार, चौथीत सहा. प्रत्येकीत थोडा बारीक गूळ विरघळवा, कारण गोडाने खरवस जरा सैल बसतो आणि परीक्षेत ते दिसायला हवे. झाकण ठेवून दहा मिनिटे वाफवा, दहा मिनिटे निवू द्या, मग वाटी तिरकी करून चमचा घाला. कापलेली कड उभी राहते आणि तरी हलवल्यावर थरथरते, ते प्रमाण तुमचे. गार झाल्यावर खरवस आणखी आवळतो, म्हणून दोन वाट्यांमध्ये अडखळलात तर थोडी मऊ असेल ती निवडा. या सगळ्याला वीस मिनिटे आणि सोळा चमचे चीक लागतो. एक लिटर चीक वाया जाण्यापुढे हे काहीच नाही.

प्रश्न : गुळाच्या खरवसाची संपूर्ण कृती ग्रॅम-मिलिलिटरमध्ये द्याल का? ‘अंदाजाने’ हा शब्द नको. – एक वाचक, पुणे

उत्तर : पहिल्या धारेचा चीक 500 मिलि, तापवून पूर्ण गार केलेले व साय काढलेले म्हशीचे किंवा मलईयुक्त दूध 500 मिलि, चिरलेला गूळ 225 ग्रॅम, वेलचीपूड अर्धा छोटा चमचा, जायफळाची पूड पाव छोटा चमचा, केशराच्या 15 ते 20 काड्या, चिमूटभर मीठ.

केशर चमचाभर कोमट दुधात भिजत टाका. गूळ अगदी बारीक चिरून थंड दुधात हाताने कुस्करत विरघळवा. गॅसला हात लावायचा नाही. हे दूध बारीक गाळणीतून गाळा, कारण चांगल्या गुळातही उसाचे तूस आणि रेती निघते. चीक वेगळा गाळा. पहिल्या धारेचा चीक काकवीसारखा दाट आणि तारेला येणारा असतो, गाळणीतून उतरायला वेळ घेतो. चमच्याने हलके ढवळत राहा, पण दाबून चोथा खाली उतरवू नका. आता दोन्ही एकत्र करून सावकाश ढवळा. रवी किंवा मिक्सर लावू नका. फेस झाला तर तोच पुढे वर भोके पाडतो. मीठ, केशर, वेलची आणि अर्धे जायफळ घाला. पाच मिनिटे ठेवून वर आलेला फेस चमच्याने काढा.

20 सेंटिमीटर व्यासाच्या भांड्यात हे मिश्रण साधारण साडेतीन सेंटिमीटर उंच येते. याहून जाड थर नको. कडा शिजून जून होतात तोवर मध्य कच्चा राहतो. भांड्याला तूप लावायची गरज नाही. उरलेले जायफळ वरून भुरभुरा आणि भांड्यावर ताटली ठेवा. ही ताटली विसरू नका. मोदकपात्राच्या झाकणावर साचलेले पाणी टपकले की वर खळगे पडतात आणि त्या जागी खरवस फिका लागतो. झाकणाला पंचा बांधला तर आणखी चांगले.

पात्रातले पाणी आधी उकळू द्या, मग भांडे ठेवा आणि आच मंद-मध्यम करा. पाणी खदखदा उकळायला नको, नुसते हलत राहावे. 30 मिनिटांनी पहिल्यांदा बघा. सुरी मध्यावर घालून बाहेर काढली की तिला ओले दूध लागू नये, आणि भांडे हलवले की सगळा खरवस एकसंध थरथरावा. मध्य वेगळा डुचमळत असेल तर आणखी पाच मिनिटे. स्वयंपाकाचा तापमापक असेल तर मध्यावर 80 ते 85 अंश पुरेत. गॅस बंद करून झाकण थोडे सरकवा आणि पंधरा मिनिटे तिथेच राहू द्या. मग बाहेर काढून पूर्ण निववा आणि तीन-चार तास फ्रिजमध्ये.

साखरेचा करायचा असेल तर गुळाऐवजी 170 ग्रॅम साखर. रंग सुरेख फिका पिवळा येतो आणि केशर उठून दिसते. तरी गुळाचा खरवस तो गुळाचाच. जायफळ गुळाशी जसे मिळून येते तसे साखरेशी येत नाही.

प्रश्न : माझ्या खरवसाला मोठमोठी जाळी पडते, ताटलीत पिवळसर पाणी साचते आणि वडी चावताना रबरासारखी लागते. कुकरला तीन शिट्ट्या घेते. – एक वाचिका, कोल्हापूर

उत्तर : तीन शिट्ट्यांनीच घात केला आहे. शिटी लावलेल्या कुकरमध्ये तापमान 120 अंशांच्या जवळ जाते आणि खरवसाला लागतात 80-85. प्रथिनांचे जाळे बसल्यावरही उष्णता वाढतच राहिली तर ते आकसते, आणि ओला पंचा पिळावा तसे धरलेले पाणी बाहेर टाकते. तेच तुमच्या ताटलीतले पिवळसर पाणी. आतल्या पाण्याची वाफ होऊन ती वाट काढते, त्याची झाली जाळी. आणि पाणी गेलेले, आवळलेले जाळे म्हणजे रबर.

कुकर वापरायचा तर शिटी काढून ठेवा, तळाशी दोन बोटे पाणी, त्यावर जाळी किंवा उपडी ताटली आणि मग भांडे. झाकणातून वाफेचा जोराचा झोत येऊ लागला की आच अगदी कमी करा. शिटीवर करण्याची सवयच असेल तर ती मोडा, हाच आमचा आग्रह आहे. त्यात दहा मिनिटे वाचतात आणि पदार्थ जातो.

बारीक जाळी मात्र अनेक घरांत हवीहवीशी असते. तिच्यात गुळाचा रस मुरतो. ती हवी असेल तर शेवटची पाच मिनिटे आच किंचित वाढवा आणि पाणी सुटण्याआधी उतरवा. ठरवून आणलेली जाळी शेंगदाण्याहून लहान आणि सारखी असते. फसल्याची जाळी बोट जाईल एवढी आणि कडेला दाट असते.

प्रश्न : गूळ घातला की चीक फाटतो. आमच्याकडे म्हणतात की चिकाला गूळ चालत नाही. – एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : चालतो, पण गरम चालत नाही. गुळाचा पाक करून किंवा गरम दुधात गूळ विरघळवून तो चिकात ओतला, तर जिथे गरम धार पडते तिथला चीक क्षणात शिजतो आणि गुठळ्या होतात. ही गुठळी म्हणजे फाटणे नव्हे, तो भांड्यात जाण्याआधीच झालेला खरवस आहे. गाळून काढा आणि पुढे चला. मात्र तेवढा चीक बसायच्या कामातून गेला, म्हणून दूध थोडे कमी करा.

खरे फाटणे वेगळे. चीक मुळातच नेहमीच्या दुधापेक्षा किंचित आंबट असतो. तो उन्हात किंवा ओट्यावर चार-पाच तास राहिला की आंबटपणा वाढतो, आणि त्यात जुना, पाणी सुटलेला, आंबूस गूळ पडला तर वाफवताना दाणेदार चोथा आणि पाणी वेगळे होते. गुळाचा खडा जिभेवर ठेवून पाहा. आंबट किंवा खारट लागला तर तो पोळीसाठी ठेवा, खरवसाला साखर वापरा.

उष्णता लागताच चीक शिजतो, म्हणूनच तो ‘निर्जंतुक करायला’ आधी उकळू नये. तो पातेल्यातच घट्ट होऊन तळाला लागतो.

प्रश्न : वेलची, जायफळ घालूनही चव उतरत नाही. कधी कडवट लागते. मसाल्याचे प्रमाण आणि वेळ कोणती? – एक वाचिका, नागपूर

उत्तर : एक लिटर मिश्रणाला आठ-दहा वेलदोड्यांचे दाणे पुरतात. साले काढा. सालासकट कुटलेली पूड खरवसात राखाडी ठिपके पाडते आणि दातात येते. दाणे चमचाभर साखरेबरोबर खलबत्त्यात कुटले तर पूड बारीक होते आणि तरंगत नाही. जायफळ आयत्या वेळी किसा. पाव छोट्या चमच्याच्या पुढे गेलात की कडवटपणा आलाच. पाकिटातली जुनी पूड वास गेल्यामुळे लोक जास्त घालतात आणि मग कडू लागते म्हणतात.

जायफळ अर्धे आत, अर्धे वर असे आम्ही सांगतो ते उगाच नाही. आतले गुळात मुरून उबदार चव देते, वरचे झाकण उघडताच नाकाला भेटते. चिकाला स्वतःचा एक वास असतो, गोठ्याची आठवण देणारा. काहींना तो नकोसा वाटतो. त्यावर जायफळच उतारा आहे, वेलची नाही. गुळाच्या खरवसात पावसाळ्यात पाव चमचा सुंठही छान लागते. कोकणात मिळते तसे हळदीचे ताजे पान असेल तर ते पात्रातल्या पाण्यात टाका. वाफेतून जेवढा वास येतो तेवढा बरोबर असतो. व्हॅनिला, गुलाबपाणी घालू नये असे आमचे मत आहे. त्यांच्याखाली चिकाची चव हरवते.

प्रश्न : आमचा छोटा गोठा आहे. दर वेळी शेजारीपाजारी चीक मागतात. वासराच्या तोंडचा घास काढतोय असे वाटते. किती द्यावा? – एक पशुपालक, सांगली जिल्हा

उत्तर : तुमच्या मनात आले ते योग्यच आहे. गाईच्या पोटात असताना वासराला आईकडून रोगप्रतिकारक द्रव्ये मिळत नाहीत, ती फक्त चिकातून मिळतात. आणि ती अख्खी शोषून घेण्याची वासराच्या आतड्याची ताकद तासातासाने घटते, 24 तासांत जवळजवळ संपते. म्हणून पहिला चीक जन्मानंतर एक-दोन तासांत पोटात जायला हवा. पहिल्या दिवसाचा एकूण हिशेब वासराच्या वजनाच्या दहाव्या भागाचा : 30 किलोच्या वासराला सुमारे तीन लिटर, दोन-तीन वेळा विभागून.

अनेक गावांत वार (गाय व्याल्यावर वासरामागून बाहेर पडणारे आवरण) पडेपर्यंत वासराला पाजत नाहीत. ही प्रथा वासराचे नुकसान करते. वार पडायला काही तास लागू शकतात आणि तेच तास मोलाचे असतात. उलट वासरू लुचू लागले की गाईच्या अंगात स्रवणाऱ्या संप्रेरकाने गर्भाशय आकुंचन पावते आणि वार पडायला मदतच होते.

तेव्हा क्रम असा ठेवा : आधी वासराचे पोट, मग उद्या-परवासाठी वासराचा राखीव साठा, आणि उरेल तो घरात. संकरित गाय पहिल्या दिवशी वासराच्या गरजेपेक्षा बराच जास्त चीक देते, तिथे प्रश्न येत नाही. गावठी गाईचे किंवा शेळीचे मात्र उरतेच असे नाही. तिथे शेजाऱ्यांना ‘या वेळी नाही’ म्हणावे. दुसऱ्या-तिसऱ्या धारेचा चीक कमी दूध घालून उत्तम बसतो, हे त्यांनाही सांगा. पहिल्या धारेसाठी अडून बसायचे कारण नाही.

प्रश्न : चीक घेताना काय पाहावे? लहान मुलांना द्यायला भीती वाटते. – एक वाचिका, ठाणे

उत्तर : गाईचा चीक पिवळाधमक ते फिका केशरी असतो, दाट आणि सारखा. लालसर झाक, दोरे, दह्यासारखे कण किंवा खारट वास असेल तर घेऊ नका. कासदाहाची, म्हणजे गोठ्यात जिला दगडी म्हणतात तिची, ती खूण असू शकते.

गवळ्याला एक प्रश्न आवर्जून विचारा : गाय आटवताना, म्हणजे विण्याआधी तिचे दूध बंद करताना, सडांत प्रतिजैविकाची नळी सोडली होती का? दुभत्या गाई आटवताना अशी औषधे देतात आणि गाय वेळेआधी व्याली तर त्यांचा अंश चिकात उतरू शकतो. औषधाच्या वेष्टनावर किती दिवस दूध वापरू नये ते लिहिलेले असते. गवळ्याला माहीत नसेल तर त्याच्या पशुवैद्याला असते.

कच्चा चीक चाखू नका, मुलांना बोट चाटू देऊ नका. ब्रुसेलोसिस, क्षय असे आजार कच्च्या दुधातून माणसात येतात. मध्यापर्यंत नीट वाफवलेल्या खरवसात ही भीती राहत नाही. म्हणूनही थर जाड नको आणि मध्य कच्चा नको. दुधाची ॲलर्जी असलेल्यांनी खरवस खाऊ नये. पहिल्या धारेच्या चिकात दुग्धशर्करा नेहमीच्या दुधापेक्षा कमी असते, पण आपण त्यात दूध घालतो, तेव्हा दूध न पचणाऱ्यांनी लहान तुकड्यापासून सुरुवात करावी.

प्रश्न : खरवस खाल्ल्याने प्रतिकारशक्ती वाढते, हे खरे का? – एक वाचक, नाशिक

उत्तर : वासराची वाढते, आपली त्या अर्थाने नाही. जी प्रतिकारक प्रथिने वासराला वाचवतात, तीच वाफेवर उलगडून खरवस बसवतात. म्हणजे वडी पडली तेव्हाच त्यांचे मूळ काम संपले. शिवाय मोठ्या माणसाच्या पोटात ती अख्खी रक्तात जात नाहीत, इतर प्रथिनांसारखी पचतात. खरवस पौष्टिक आहे, प्रथिने आणि जीवनसत्त्व ‘अ’ त्यात चांगले असते. त्याला औषध करू नये. मधुमेहींनी गुळाचा म्हणून सूट घेऊ नये. गूळही साखरच.

प्रश्न : म्हशीच्या चिकाचा खरवस पांढरा होतो. भेसळ तर नाही? – एक वाचिका, जळगाव

उत्तर : नाही. गाईच्या चिकाला पिवळेपणा कॅरोटीनने येतो. म्हैस त्याचे रूपांतर रंगहीन जीवनसत्त्व ‘अ’ मध्ये करते, म्हणून तिचा चीक पांढरट. स्निग्धांश जास्त असल्याने खरवस मऊसूत होतो. भेसळीची शंका घ्यायचीच तर फार एकसारख्या, भडक पिवळ्या चिकाची घ्यावी. हळद किंवा रंग घातलेला असू शकतो.

प्रश्न : डेअरीतून गोठवलेला चीक आणला. गरम पाण्यात ठेवून वितळवला तर कडेने गुठळ्या झाल्या. ताजा चीक साठवायचा कसा? – एक वाचक, मुंबई

उत्तर : गरम पाण्याने बाहेरचा थर शिजला. गोठलेला चीक आदल्या रात्री फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ठेवा. घाई असेल तर हात सहज बुडवता येईल अशा कोमट पाण्यात, पाणी बदलत. मायक्रोवेव्हमध्ये कधीही नको. वितळल्यावर स्निग्धांश वेगळा दिसेल, तो हलक्या हाताने मिसळून गाळा.

ताजा चीक आल्याबरोबर गाळून फ्रिजमध्ये, आणि 24 तासांत वापरून टाका. त्याहून जास्त ठेवायचा तर अर्ध्या-अर्ध्या लिटरच्या पिशव्या सपाट करून गोठवा. त्या लवकर गोठतात आणि लवकर वितळतात. पिशवीवर तारीख आणि कितवी धार ते लिहा. दोन महिने चव टिकते. झालेला खरवस मात्र गोठवू नका, वितळताना पाणी सोडतो. फ्रिजमध्ये झाकून तीन-चार दिवस.

प्रश्न : येथे चीक मिळत नाही. मुलांना खरवस म्हणजे काय ते दाखवायचे आहे. जवळात जवळचे काय? – एक वाचिका, न्यू जर्सी

उत्तर : तीन वाटा आहेत आणि तिन्ही सारख्या नाहीत.

सर्वांत जवळची दह्याची. 400 ग्रॅमचा कंडेन्स्ड मिल्कचा डबा, त्याच डब्याने मापून एक डबा मलईयुक्त दूध आणि एक डबा घट्ट, गोड दही. दही आंबट असेल तर फसेल. दही आधी फेटून मऊ करा, बाकीचे हळूहळू मिसळा, वेलची, जायफळ, केशर घाला. वर सांगितल्याप्रमाणे झाकून 25 ते 30 मिनिटे वाफवा. येथे केसीनला दह्याच्या आम्लाने बसवले जाते, म्हणून चव किंचित आंबूस राहते, पण पोत खरवसाच्या अगदी शेजारी जातो. ओव्हन वापरायचे तर भांडे गरम पाण्याच्या ट्रेमध्ये ठेवून 150 अंश सेल्सियसला 40 मिनिटे, वर ॲल्युमिनियमचा कागद. गूळ घालायचा मोह टाळा, दह्याचे आम्ल आणि गूळ मिळून पाणी सोडतात.

दुसरी अंड्याची : अर्धा लिटर दूध, चार अंडी, 120 ग्रॅम गूळ, जायफळ भरपूर. मुंबईच्या पारशी लग्नांतले लगननू कस्टर्ड याच घराण्यातले, फक्त ते भाजून वर तपकिरी करतात. प्रथिनांचे गोठणे चिकाच्या सर्वांत जवळ अंड्याचेच आहे, म्हणून यात गूळ छान चालतो. घरात अंडे चालत असेल तर आम्ही गुळाच्या खरवसासाठी हीच सुचवू.

तिसरी चायना ग्रासची. दिसायला सुरेख वड्या पडतात, पण तो खरवस नव्हे. चायना ग्रासची वडी दाताखाली काचेसारखी तुटते, खरवस विरघळतो. मुलांना पहिली ओळख याने करून देऊ नका.

चिकाची पावडरही बाजारात असते. ‘खरवसासाठी’ असे लिहिलेली घ्या आणि पाकिटावरचे पाण्याचे प्रमाण पाळा. पौष्टिक पूरक म्हणून विकतात त्या पावडरी वाळवताना जास्त तापलेल्या असल्या तर त्यांची बसण्याची ताकद आधीच गेलेली असते. येथेही वाटीची परीक्षा घ्यावी.

प्रश्न : बसला नाही किंवा चोथा झाला, तर काही करता येते का? – एक वाचिका, सोलापूर

उत्तर : न बसलेला खरवस आणखी वाफवून बसत नाही. अर्धा तास झाला आणि मध्य पातळच आहे, तर थांबा. पूर्ण गार करा, प्रत्येक अर्ध्या लिटरला तीन मोठे चमचे पाणी काढलेले घट्ट दही मिसळून पुन्हा वाफवा. वडी नाही तरी चमच्याने खाण्याजोगा बसेल. घरात आणखी चांगला चीक असेल तर दह्याऐवजी तो पाव भाग घाला, हे जास्त बरे.

चोथा झाला तर उलटी दिशा धरा. पाणी गाळून बाजूला काढा, चोथा जाड बुडाच्या कढईत चमचाभर तुपावर मंद आचेवर परता, थोडा गूळ घाला, गोळा कडा सोडू लागला की थाळीत थापा. कलाकंदासारख्या दाणेदार वड्या होतात. निथळलेले पाणी फेकू नका, पोळीची कणीक त्यात भिजवा.

प्रश्न : वड्या कापताना तुटतात. – एक वाचक, बेळगाव

उत्तर : तुमच्याकडे कन्नड घरांत याला गिण्णू म्हणतात आणि तिथेही हाच नियम : गरम कापायचा नाही. किमान तीन तास गार करा. पातळ पात्याची सुरी गरम पाण्यात बुडवून पुसा, सरळ खाली दाबा, करवतीसारखी पुढेमागे नको. प्रत्येक कापानंतर सुरी पुसा. पहिली वडी कोपऱ्यातली आणि लहान कापा, ती तुटली तरी चालते. तिच्या जागेतून पातळ उलथने घातले की बाकीच्या अखंड निघतात. खाण्याआधी दहा मिनिटे बाहेर ठेवा. फार गार असताना जायफळाचा वास दबलेला असतो.